एक बाप्तिस्मा, दोन वेद्या

इंदूर शहरात ख्रिस्ती माणसाची ओळख बहुधा इमारतीच्या रंगावरून होते. लाल चर्चमध्ये जाणारे ते कॅथोलिक आणि पांढऱ्या चर्चमध्ये जाणारे ते प्रॉटेस्टंट, एवढी खूणगाठ बांधली की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे समाधान होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे ज्ञानही याहून फारसे पुढे जात नाही. ते मरियामातेला मानीत नाहीत, त्यांचे पाळक लग्न करतात, त्यांच्याकडे जपमाळ नाही, अशी दोनचार वाक्ये लहानपणी कानांवर पडलेली असतात आणि त्यांच्यावरच आयुष्य निभावते. परंतु प्रश्न जेव्हा दुसऱ्याच्या चर्चचा न राहता आपल्या घरच्या लेकीचा होतो, तेव्हा ही दोनचार वाक्ये पुरी पडत नाहीत.

आमच्या घरी तसा प्रसंग आला. आमची पुतणी येथे इंदुरातच शिक्षिका आहे. तिच्यासाठी जे स्थळ आले, किंवा खरे सांगावयाचे तर तिने जे स्थळ आणले, ते छिंदवाड्याचे होते. घराणे मूळचे सौंसर भागातले, घरात बोलणे मराठीच. मुलगा सुशील, नोकरी चांगली, आईवडील सालस. एकच अडचण होती. ते लूथरपंथीय होते.

घरात तत्काळ दोन पक्ष पडले. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, ख्रिस्त एक, बायबल एक, मग भेद कसला? हे सगळे जुन्या युरोपातले भांडण, त्याचे ओझे माळव्यातल्या मुलीने का वाहावे? दुसरा पक्ष आमच्या मातोश्रींचा. त्यांना मुलगा पसंत होता, पण नातीला परक्या वेदीपाशी धाडण्याच्या कल्पनेने त्या रात्ररात्र जाग्या राहू लागल्या. अखेर एके दिवशी त्या आम्हांस म्हणाल्या, “तू चार बुके वाचली आहेस. ते आपले आहेत की नाहीत, ते एकदा नीट सांग. मला गोड बोलून गप्प बसवू नकोस.”

हे काम सोपे नव्हते. जे काही वाचून, धर्मगुरूंना विचारून आणि छिंदवाड्याच्या मंडळींशी बोलून आम्हांस उमगले, ते येथे मांडीत आहोत. कारण मिश्र विवाहाचा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सगळे प्रॉटेस्टंट एकाच माळेचे मणी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदुरास जे मिशन आले आणि ज्याने १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज स्थापन केले, ते कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन होते. त्याची परंपरा जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनकडे जाते. छिंदवाडा, बैतूल, सागर या बाजूस जे मिशन आले, ते स्वीडनचे. त्याची परंपरा जर्मनीच्या मार्टिन लूथरकडे जाते. पुढे १९७० साली नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन इत्यादी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा लूथरपंथीय त्यात सामील झाले नाहीत. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभही लूथरपंथीयांनीच केला होता. १७०६ साली झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे दोघे जर्मन तरुण तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीस उतरले, ते लूथरपंथीय होते.

हा भेद किती खोल आहे याची एक लहानशी खूण पाहा. दहा आज्ञांची मोजणी. आपल्या मुलांना सहावी आज्ञा विचारली तर ती व्यभिचाराविषयीची आज्ञा सांगतात. प्रेस्बिटेरियन घरातले मूल तीच आज्ञा सातवी म्हणून सांगेल, कारण तेथे मूर्तीविषयीची आज्ञा वेगळी मोजतात. लूथरपंथीय मूल मात्र आपल्या मुलाप्रमाणे सहावीच म्हणेल. लूथरने ही जुनी मोजणी मोडली नाही. त्याने क्रुसावरील ख्रिस्तमूर्ती चर्चमधून काढून टाकण्याचा आग्रह धरला नाही. १५२९ साली लिहिलेल्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत सकाळी उठताना आणि रात्री निजताना क्रुसाची खूण करावी असेच त्याने शिकविले. आमच्या मातोश्रींनी हे ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग बिघडले कुठे?”

बिघडले त्याचा इतिहास थोडक्यात असा. लूथर हा ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी, विटेनबर्ग येथे पवित्र शास्त्राचा प्राध्यापक. त्या काळी जर्मनीत इंडल्जन्सचा बाजार भरला होता. इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा विकत देणे अशी ख्रिस्तसभेची शिकवण कधीच नव्हती. पापनिवेदनात पापाची क्षमा होते, परंतु त्या पापाबद्दल भोगावयाचे ऐहिक प्रायश्चित्त उरते. ते प्रार्थनेने व सत्कृत्यांनी कमी होते, अशी ती शिकवण आहे. पण शिकवण एक आणि व्यवहार एक असे झाले. टेट्झेल नावाचा उपदेशक गावोगाव हिंडून द्रव्य गोळा करी. त्यातला अर्धा पैसा रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामास आणि अर्धा माइन्झच्या आर्चबिशपांचे सावकारी कर्ज फेडण्यास जात असे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी लूथरने याविरुद्ध ९५ विधाने मांडली. वाद चिघळला. जानेवारी १५२१ मध्ये पोप दहावे लिओ यांनी त्याला बहिष्कृत केले.

कॅथोलिक म्हणून आपल्याला येथे खाली मान घालावी लागते आणि ती घालण्यात कमीपणा नाही. लूथरच्या हयातीतच, १५२३ साली, पोप सहावे एड्रियन यांनी न्यूर्नबर्ग येथील सभेत आपल्या प्रतिनिधीकरवी मान्य केले की, हा रोग वरून, रोमच्या दरबारापासूनच खाली झिरपला आहे. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या महासभेने अनेक अपप्रकार बंद केले आणि १५६७ साली पोप पाचवे पायस यांनी पैशाशी निगडित सर्व इंडल्जन्स रद्द केले. पण तोवर घर दुभंगले होते. तेव्हा लूथर बाजाराविरुद्ध उठला म्हणून फूट पडली, एवढेच सांगून भागत नाही; कारण बाजार बंद झाल्यावरही फूट भरून आली नाही. तिच्या मुळाशी अधिक खोल प्रश्न होता.

तो प्रश्न असा: पापी मनुष्य देवासमोर नीतिमान कसा ठरतो? लूथरचे उत्तर होते की, केवळ देवाच्या कृपेने, केवळ श्रद्धेने. आपल्या पुण्याईचा त्यात कवडीइतकाही वाटा नाही. त्या काळच्या कॅथोलिक पंडितांना भय वाटले की असे म्हटल्यास सत्कर्मे निरर्थक ठरतील आणि माणूस उच्छृंखल होईल. लूथरपंथीयांना उलट भय वाटले की कॅथोलिक लोक स्वर्गाचा दर कर्मांनी चुकता करू पाहतात. दोघांनी एकमेकांवर शापवाणी उच्चारली.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास युरोपात जाण्याची गरज नाही. आपल्याच धर्मप्रांतात ते रक्ताने लिहिलेले आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मरिया उदयनगरहून इंदुरास येणाऱ्या बसमध्ये बसल्या होत्या. गोरगरिबांना सावकारांच्या पाशातून सोडविण्याचे त्यांचे कार्य काहींच्या डोळ्यांत सलत होते. वाटेत त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासाहून अधिक वार करण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्याची बायको त्याला सोडून गेली. तो सूडाच्या विचाराने जळत होता. अशा वेळी सिस्टरांची सख्खी धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्यांच्या आईने तर ज्या हातांनी आपल्या लेकीचे रक्त सांडले, त्या हातांचे चुंबन घेतले. कुटुंबाच्याच विनंतीवरून पुढे त्याची सुटका झाली. तो सिस्टरांच्या कबरीपाशी येऊ लागला, लोकांना आपली कहाणी सांगू लागला.

आता सांगा, त्या माणसाने क्षमा कमावली होती काय? कोणत्या कृत्याने? राखी बांधली गेली त्या क्षणी त्याच्यापाशी देण्यासारखे काहीही नव्हते. क्षमा आधी आली. लूथर जे म्हणत होता ते हेच. आणि क्षमा मिळाल्यावर तो माणूस होता तसाच राहिला काय? तो पालटला. त्याच्या हातून नवी कृत्ये घडू लागली. कॅथोलिक जे सोडावयास तयार नव्हते ते हेच. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरी कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक लूथरन संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा आशय असा की, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेने देव आपला स्वीकार करतो, आणि जो पवित्र आत्मा आपल्याला मिळतो तो आपली अंतःकरणे नवी करून आपल्याला सत्कर्मांस प्रवृत्त करतो. सोळाव्या शतकातील शापवाणी आज अशा रीतीने मांडलेल्या शिकवणुकीस लागू होत नाही, हेही उभयपक्षी मान्य झाले. ज्या गोष्टीपायी घर फुटले, तीच गोष्ट, काही छटा सोडल्यास, आज दोघांची समाईक झाली आहे. पुष्कळ कॅथोलिक घरांत ही वार्ता अजून पोहोचलेली नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

येथवर ऐकून तरुण पक्षाला हर्ष झाला. “मग काका, भेद उरलाच नाही!” असे पुतणी म्हणाली. तिला तेथेच थांबवावे लागले. भेद उरला आहे, आणि तो उरला आहे हे लग्नाआधी समजणे हाच तिच्या हिताचा मार्ग होता.

पहिला भेद वेदीचा. येथे सर्वसाधारण समजूत अशी की, आपण भाकरीत ख्रिस्ताचे खरे शरीर मानतो आणि ते केवळ आठवण मानतात. लूथरपंथीयांच्या बाबतीत ही समजूत खोटी आहे. १५२९ साली मारबुर्ग येथे स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली याच्याशी वाद करावयास बसण्यापूर्वी लूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे प्रभूचे शब्द लॅटिनमध्ये खडूने मेजावर लिहून ठेवले आणि अखेरपर्यंत त्यांवरून तो हटला नाही. भाकरीत, भाकरीसह आणि भाकरीखाली ख्रिस्ताचे खरे शरीर आहे, असे लूथरपंथीय मानतात. आपण म्हणतो की भाकरीचे रूप तेवढे राहते, तत्त्व पालटून जाते. हा भेद लहान नाही, पण मोठा भेद दुसरीकडे आहे. मिस्सा हे ख्रिस्ताच्या क्रुसावरील एकाच यज्ञाचे वेदीवर उपस्थित होणे आहे, असे आपण मानतो. लूथरपंथीय तिला यज्ञ म्हणावयास तयार नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती देवाने माणसाला दिलेली देणगी आहे. उपासना संपल्यावर आपण ख्रिस्तशरीर मंजुषेत ठेवून त्याची आराधना करतो. त्यांच्याकडे ती प्रथा नाही. आणि ही वेदी सांभाळणारा धर्मगुरू प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपांच्या हस्तस्पर्शाने नेमलेला असावा, ही आपली अट आहे. त्यांच्या पाळकांची दीक्षा आपल्या ख्रिस्तसभेने अद्याप पूर्णपणे मान्य केलेली नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे लोक एका वेदीवरून ख्रिस्तशरीर घेऊ शकत नाहीत. केवळ गंभीर प्रसंगी, मृत्यूच्या दाराशी वगैरे, काही अपवाद धर्मनियमांत सांगितले आहेत.

हा नियम घराघरांत किती खुपतो हे रोमलाही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रोममधील लूथरन चर्चला दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी भेट दिली, तेव्हा एका लूथरन स्त्रीने त्यांना हाच प्रश्न विचारला. तिचा पती कॅथोलिक होता आणि एकत्र प्रभुभोजन घेता येत नाही याचे दोघांना दुःख होते. परवानगी देण्याचे धाडस आपण करणार नाही, असे पोप महोदय म्हणाले. मात्र बाप्तिस्मा एक, प्रभू एक, हे ध्यानी घेऊन प्रभूशी बोला आणि पुढे चला, असा सल्ला त्यांनी दिला. यावर पुष्कळ चर्चा झाली. नियम पालटला नाही. दुःखही लपविले गेले नाही.

दुसरा भेद संतांचा व मरियामातेचा. आमच्या मातोश्रींचा जीव सगळ्यांत अधिक येथे अडकला होता. लूथरने मरियामातेचा अवमान केला अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः मरियेच्या स्तोत्रावर त्याने १५२१ साली एक भक्तिपूर्ण विवरण लिहिले. १५३० सालच्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रात, ज्याला लूथरपंथीय आजही आपले मूळ विश्वासपत्र मानतात, संतांचे स्मरण करावे आणि त्यांच्या श्रद्धेचे अनुकरण करावे असे म्हटले आहे. परंतु त्यांच्याकडे मागणे करू नये, मध्यस्थ एकटा ख्रिस्त, असेही म्हटले आहे. आपण संतांकडे मागतो म्हणजे ‘आमच्यासाठी देवाजवळ प्रार्थना करा’ एवढेच मागतो, हे आम्ही छिंदवाड्याच्या व्याह्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “हे आम्हाला कळते. पण आमच्या जिभेला ते वळण नाही.” उत्तर प्रामाणिक होते. यापुढे पोप नववे पायस यांनी १८५४ साली मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा आणि पोप बारावे पायस यांनी १९५० साली तिच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत जाहीर केला, त्यामुळे या बाबतीतील अंतर लूथरच्या काळापेक्षा वाढलेच आहे.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी जगभरच्या लूथरपंथीयांनी धर्मसुधारणेची ५०० वर्षे पाळली. त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, आपल्या इंदुरात सिस्टर राणी मरिया यांना धन्य घोषित करण्यात आले. उदयनगरच्या कबरीपाशी कॅथोलिक मनुष्य गुडघे टेकून त्यांची मध्यस्थी मागतो. लूथरपंथीय मनुष्य तेथे उभा राहिला तर अशा साक्षीबद्दल देवाचे आभार मानील आणि तिच्यासारखी श्रद्धा आपल्यालाही दे असे देवाला विनवील. दोघांचे शब्द वेगळे. कबर मात्र त्यांना एकाच ठिकाणी आणून उभे करते.

तिसरा भेद अधिकाराचा. श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा? लूथरपंथीय म्हणतात, पवित्र शास्त्राचा. आपण म्हणतो, पवित्र शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा ही एकाच झऱ्याची दोन पात्रे आहेत, आणि त्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार पोप व त्यांच्याशी एकरूप असलेल्या बिशपांना ख्रिस्ताने दिला आहे. बायबलच्या पुस्तकांची संख्याही येथेच वेगळी होते. आपल्याकडे ७३, त्यांच्याकडे ६६. लूथरने जुन्या करारातील ती वादग्रस्त पुस्तके फेकून दिली नाहीत. १५३४ सालच्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ती वेगळी काढून, वाचावयास उपयुक्त असा शेरा देऊन ठेवली.

पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत १८७० साली पहिल्या व्हॅटिकन महासभेने जाहीर केला. तो लूथरपंथीयांना मान्य नाही हे सर्वश्रुत आहे. मात्र या सिद्धांताच्या आधारांविषयी शंका काढणारे एक पुस्तक १९६८ साली खुद्द इंदूरच्या बिशपांनी लिहिले, हे आज थोड्यांना ठाऊक असेल. बिशप फ्रान्सिस सायमन्स हे दिव्य शब्द संघाचे डच धर्मगुरू. १९५२ साली इंदूर धर्मप्रांत झाला तेव्हाचे पहिले बिशप, आणि १९७१ पर्यंत त्या पदावर होते. त्यांचे मत ख्रिस्तसभेने स्वीकारले नाही आणि आम्हीही येथे त्याची वकिली करीत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, पडताळून पाहणारी बुद्धी ही एकट्या प्रॉटेस्टंटांची मिरास आणि निमूट आज्ञापालन ही एकट्या कॅथोलिकांची मिरास, अशी वाटणी करता येत नाही.

शेवटचा भेद विवाहाचाच. आपल्याकडे सात संस्कार, त्यांच्याकडे दोन: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पापनिवेदनालाही त्यांच्या जुन्या विश्वासपत्रात मानाचे स्थान आहे, पण व्यवहारात ते फारसे उरलेले नाही. विवाहाला ते देवाची नेमणूक व आशीर्वाद मानतात, संस्कार मानीत नाहीत. आणि काही परिस्थितीत घटस्फोटानंतर पुनर्विवाह त्यांच्याकडे मान्य होतो. आपल्याकडे दोन बाप्तिस्माप्राप्त व्यक्तींचा वैध विवाह हा संस्कार आहे आणि तो तुटत नाही. आम्ही पुतणीला आणि त्या मुलाला समोरासमोर बसवून एवढेच विचारले, “तुम्ही दोघे आयुष्यभराची शपथ घेणार आहात. त्या शब्दांचा अर्थ तुम्ही दोघे सारखाच घेता ना?” मुलाने उत्तर द्यावयास वेळ घेतला, हे आम्हांस आवडले. मग तो म्हणाला, “काका, आमचे चर्च काय मुभा देते ते मी विचारात घेतलेले नाही. मी तुटण्यासाठी बांधत नाही.”

आता छिंदवाड्याच्या बाजूची चिंता सांगितली पाहिजे, कारण दुःख एकट्या आपल्याच वाट्याला येते असे आपण समजतो. आमचे व्याही अत्यंत संकोचाने म्हणाले, “तुम्ही माझ्या मुलाचा पुन्हा बाप्तिस्मा करणार काय? तसे असेल तर आमच्या चार पिढ्या बाप्तिस्म्याविनाच राहिल्या असे होईल.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांना निःसंदिग्ध उत्तर देता आले याचा आम्हांस आनंद वाटला. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला लूथरन बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा खरा मानते; तो पुन्हा करण्यास मनाई आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ऐक्याविषयीच्या आदेशात हेच सांगितले की, अशा बंधूंना आपण प्रभूमधील बांधव म्हणूनच ओळखले पाहिजे. त्यांना परके म्हणण्याची मुभा आपल्याला नाही.

धर्मनियमांप्रमाणे मिश्र विवाहासाठी बिशपांची परवानगी लागते. पूर्वी दोघांकडून लेखी वचन घेत असत. आजच्या नियमाप्रमाणे, आपण आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथोलिक बाप्तिस्मा व शिक्षण देण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे सर्व करू, असे वचन कॅथोलिक पक्ष देतो. दुसऱ्या पक्षाला त्याची जाणीव करून दिली जाते. आमच्या पुतणीने ते वचन दिले. लग्न इंदुरास, आपल्या चर्चमध्ये झाले. पवित्र मिस्सा झाली नाही, कारण अर्ध्या मांडवाने ख्रिस्तशरीर घ्यावे आणि अर्ध्याने बसून राहावे हे लग्नाच्या दिवशी बरे दिसले नसते. शास्त्रवाचन, विवाहविधी व आशीर्वाद झाला. छिंदवाड्याहून आलेल्या पाळकांनी एक वाचन केले आणि वधूवरांसाठी प्रार्थना केली. आमच्या मातोश्री पहिल्या रांगेत हातांत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. शेजारी विहीणबाईंच्या हातांत स्तोत्रसंग्रह होता.

पुढे या दांपत्याला मुलगी झाली. तिचा बाप्तिस्मा कॅथोलिक विधीने झाला. धर्मपिता कॅथोलिक असावा लागतो; परंतु त्याच्या जोडीला दुसऱ्या पंथातील बाप्तिस्माप्राप्त व्यक्ती साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. मुलीची लूथरन आत्या तशी उभी राहिली.

यावरून सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. दर रविवारी ख्रिस्तशरीर घ्यावयाच्या वेळी पुतणी एकटी उठते आणि तिचा पती बाकावर राहतो. छिंदवाड्यास गेले की तो उठतो आणि ती बसते. मूल मोठे होईल आणि एके दिवशी विचारील की, आईबाबा एकत्र का जात नाहीत? त्या दिवशी कोणाला काय उत्तर द्यावे हे अजून ठरलेले नाही. मातोश्रींनी आम्हांस जे विचारले होते, त्याचे उत्तर आम्ही त्यांना असे दिले: “ते आपले आहेत. आणि आपण अजून एका वेदीपाशी नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकू नये.” त्या काही बोलल्या नाहीत. मात्र त्या रात्रीपासून जपमाळेच्या शेवटी त्यांनी छिंदवाड्याच्या कुटुंबाची नावे घ्यावयास आरंभ केला.

वाचकहो, ज्या स्वीडनमधून छिंदवाड्यास मिशनरी आले, त्याच स्वीडनमध्ये, लुंड येथील कॅथेड्रलमध्ये, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस आणि जागतिक लूथरन संघाचे अध्यक्ष बिशप मुनिब युनान यांनी शेजारी उभे राहून प्रार्थना केली आणि एका निवेदनावर सह्या केल्या. एकत्र प्रभुभोजन घेण्याची आपल्या लोकांची भूक आम्ही जाणतो, असे त्या निवेदनात मोकळेपणाने मान्य केले आहे. जेथे ती भूक आहे तेथेच ऐक्याची प्रार्थना खरी होते. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह असतो. योहानाच्या शुभवर्तमानातील सतरावा अध्याय, जेथे मरणाच्या आदल्या रात्री प्रभू आपल्या शिष्यांच्या एकतेसाठी पित्याला विनवितो, तो त्या दिवसांत घरी मोठ्याने वाचावा. ज्यांच्या नात्यात किंवा शेजारात लूथरपंथीय अथवा अन्य मंडळीचे कुटुंब आहे, त्यांनी त्यांना त्या वाचनास बोलवावे. भेदांविषयी त्यांनी काही विचारले तर जे खरे आहे ते सांगावे, आणि त्यांचे जे खरे आहे ते ऐकून घ्यावे. प्रभूच्या त्या प्रार्थनेला आपल्या घरातून ‘आमेन’ म्हणावयास परवानगीची गरज नाही.